धरलेली जागा

व्हर्लीन मेब्री शिकागो सोडून ह्यूस्टनला लेकीकडे आली, ती आपल्या जुन्या ब्यूइक गाडीत चार बॅगा, तिकडे तळलेल्या चिकनवर ओततात त्या माइल्ड सॉसच्या बाटल्यांचं खोकं आणि एक खुर्ची घालून. खुर्ची स्वयंपाकघरातली, अॅल्युमिनियमच्या पायांची, लाल रेक्झिनच्या बैठकीची. बैठक एका कोपऱ्यात फाटलेली आणि त्यावर चंदेरी चिकटपट्टी. शरीसनं आईला मिठी मारली, बॅगा उतरवल्या आणि खुर्ची बघून नाक मुरडलं.

"आई, ही कशाला आणलीस? घरात आहेत की खुर्च्या."

"असू देत," व्हर्लीन म्हणाली. "त्या बसायच्या."

हे शरीसला समजावून सांगायची गरज नव्हती. ती चॅटममध्ये वाढलेली, शिकागोच्या दक्षिण अंगाच्या त्या वस्तीत, जिथं विटांची घरं एकमेकांना इतकी खेटून उभी असतात की मधल्या बोळात हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंती लागतात. तिथं बर्फ पडलं की प्रत्येकानं फावडं घेऊन आपल्या गाडीपुरती जागा रस्त्यातून उपसून काढायची, आणि गाडी घेऊन बाहेर जाताना त्या जागेत एक खुर्ची ठेवून जायची. खुर्ची नसेल तर बादली, मोडकी शिडी, काहीही. परत येईपर्यंत तिथं कुणी गाडी लावत नाही. असा कायदा कुठंही नाही, उलट नगरपालिका दर हिवाळ्यात डोळे वटारते. पण दुसऱ्याची खुर्ची उचलणाऱ्याची गाडी सकाळी नळीच्या पाण्यानं न्हाऊन काचेसारखी गोठलेली सापडते, एवढं सगळ्यांना माहीत असतं.

व्हर्लीनच्या नवऱ्यानं, एमेटनं, लग्न झाल्यापासून दर हिवाळ्यात हीच लाल खुर्ची रस्त्यात ठेवली. त्याचे नियम कडक होते. जी जागा तुम्ही उपसलीत तीच तुमची. आणि एका माणसाला एकच जागा. दोन धरणारा चोर, मग तो चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसणारा का असेना. एमेट जाऊन चार वर्षं झाली. त्यानंतर फावडं व्हर्लीनच्या हातात आलं. सत्तरीला टेकलेली बाई, आयुष्यभर शहराची बस चालवलेली, कुणाची मदत मागणार नाही. मागच्या हिवाळ्यात ती परसदारच्या पायऱ्यांवरून घसरली आणि मनगट मोडून बर्फात पडून राहिली. शेजारची ओपल रेनी स्वयंपाकघरात भांडी घासत होती म्हणून तिला खिडकीतून दिसली.

त्या दिवसापासून शरीसनं धोशा लावला. शेवटी मायलेकींत तह झाला की एक हिवाळा ह्यूस्टनला काढून बघायचा. चॅटमचं घर विकत घ्यायला कोपऱ्यावर भाड्यानं राहणारं एक तरुण जोडपं टपून बसलं होतं, पण भली माणसं, मार्चअखेर थांबायला तयार झाली. तोवर व्हर्लीननं हो की नाही ते सांगायचं होतं.

तिचं मन नाहीकडेच होतं, आणि कारण तिनं कुणापासून लपवलं नव्हतं. पहिल्याच रविवारी जेवायला बसल्यावर जावयाशी जुंपली. लायनल गिड्री जन्मानं ह्यूस्टनचा, नगरपालिकेच्या नकाशांच्या खात्यात नोकरीला. आकडे त्याच्या जिभेवर, आणि दक्षिणेच्या रीतीनं सासूलाही अदबीनं 'मिस' म्हणणारा. गंबोचा, म्हणजे भेंडी-कोळंबीच्या दाट रश्शाचा वाडगा पुढं सरकवत तो म्हणाला, की शिकागोत सत्तावीस लाख माणसं आहेत आणि ह्यूस्टनात तेवीस. तुमची घटताहेत, आमची वाढताहेत, थोडी कळ काढा, देशातल्या तिसऱ्या नंबरवरून तुम्हाला खाली ओढतो की नाही बघा. जमीन म्हणाल तर आमची तुमच्या जवळजवळ तिप्पट.

"म्हणजे वाढायला बसलात एका पातेल्यातलं आणि ताट घेतलंत अंगणाएवढं," व्हर्लीन म्हणाली. "शितं शोधायला दुर्बीण लागेल."

लायनल हसला, पण हटला नाही. दाटी कमी ही चांगलीच गोष्ट, त्याचं म्हणणं. तुमच्याकडे एका चौरस मैलात बारा हजार माणसं कोंबलेली, आमच्याकडे साडेतीन हजारांच्या जरा वर. माणसाला पाय पसरता येतात. आणि वस्त्या म्हणाल तर तुमच्या सत्याहत्तर, आमच्या अठ्ठ्याऐंशी.

"बरं. मग आत्ता आपण जेवतोय ती कुठली?"

"एलीफ," लायनल म्हणाला. "म्हणजे हद्द इथूनच जाते. एक मिनिट हं, मिस व्हर्लीन." आणि त्यानं फोन काढला.

शरीस तोंडावर हात धरून हसत सुटली. शिकागोत पाच वर्षांच्या पोरालाही आपली वस्ती कुठं संपते ते ठाऊक असतं, कारण त्या पलीकडं गेलं की मार बसतो. पण हसण्यावारी नेलं तरी व्हर्लीनच्या मनातली गोष्ट तिनं त्याच जेवणात बोलून टाकली. "लायनल, तुझी तेवीस लाख माणसं तुला लखलाभ. मला एवढंच सांग, मी तुमच्या मागच्या दारी पडले तर त्यातल्या कुणाला दिसेन?"

लायनलनं गंबो ढवळला आणि विषय बदलला.

पुढचे दिवस असेच गेले. लेक आणि जावई सकाळी आपापल्या गाडीतून निघत आणि दिवेलागणीला परत येत. गॅरेजचं दार आपोआप वर जायचं, गाडी आत शिरायची, दार खाली यायचं. सगळी गल्ली याच पद्धतीची. शेजारी दिसायचे ते गाडीच्या खिडकीत टेकलेल्या कोपराएवढे. चॅटमला व्हर्लीन गल्लीच्या मंडळाची अध्यक्ष होती. कुणाच्या घरी पाहुणा आला, कुणाचं पोर शाळा चुकवतं, हे तिला अंथरुणातून उठायच्या आत कळायचं. इथं तिनं डाव्या हाताच्या शेजाऱ्यांची नावं शरीसला विचारली तर शरीस म्हणाली, त्रेविन्यो असावेत. पाच वर्षं शेजारी राहून 'असावेत'. व्हर्लीन दर संध्याकाळी ओपलला फोन करून गल्लीच्या बातम्या घ्यायची आणि मार्चअखेरची वाट बघायची.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी त्या 'त्रेविन्यो असावेत' अशा घरी मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाचा थाट निघाला. गल्ली दोन्ही अंगांनी गाड्यांनी भरली. लेकीच्या गॅरेजात दोन गाड्या, त्यांची वाट अडायला नको म्हणून व्हर्लीनची ब्यूइक घरासमोर रस्त्यात उभी असायची; बाजार करून ती परत आली तर त्या जागेवर कुणाचा तरी टेम्पो. तिला गाडी पार कोपऱ्यापलीकडं लावून पिशव्या उचलत यावं लागलं. झालं. शिकागोची बाई, एकदा हात पोळला की दुसऱ्यांदा पोळू देत नाही. रविवारी पाहुणे पांगले, ब्यूइक पुन्हा घरासमोर आली, आणि चर्चला जाताना व्हर्लीननं डिकीतून लाल खुर्ची काढली, आपल्या जागेच्या बरोबर मधोमध ठेवली आणि समाधानानं निघाली.

परत आली तेव्हा आख्खी गल्ली रिकामी होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक गाडी उभी नव्हती. तिची जागा तशीच होती. खुर्ची मात्र नव्हती.

शिकागोत जागा गेली असती, खुर्ची नसती गेली. हे कुठलं गाव, जिथं जागा कुणालाच नको आणि खुर्ची पळवतात, असं म्हणत ती घरात आली. लायनलला आधी हसू फुटलं. मग त्यानं सासूचा चेहरा बघितला आणि हसू गिळलं. हा मोठा कचरा न्यायचा आठवडा होता; लोकांनी जुने कोच, गाद्या रस्त्याच्या कडेला आणून टाकल्या होत्या, आणि त्यातलं कामाचं उचलून नेणारेही गाड्या घेऊन फिरत होते. इथं कडेला ठेवलं म्हणजे टाकलं, त्यानं हळूच सांगितलं. तशीच दुसरी आणून देतो म्हणाला. व्हर्लीन खोलीत गेली आणि दार लावून रडली. एमेटचं या जगात उरलेलं काही तिनं सोबत आणलं असेल तर ती खुर्चीच होती. लायनल बिचारा चपला घालून निघाला आणि अंधार पडेपर्यंत गाडीतून गल्लोगल्ली फिरून आला, पण गाडीतून काय दिसणार.

दुसऱ्या दिवशी व्हर्लीन पायी निघाली. आता ह्यूस्टनात कामाशिवाय पायी चालणारा माणूस म्हणजे संकटात सापडलेला माणूस. पहिल्या वळणावरच एक गाडी थांबली आणि आतल्या बाईनं विचारलं, गाडी बंद पडली का. व्हर्लीननं खुर्चीची हकिगत सांगितली. थोड्या वेळानं दुसरी गाडी थांबली. त्या गृहस्थांनी पाण्याची बाटली दिली, खुर्चीचं वर्णन विचारून घेतलं. तिसऱ्या गाडीत खुद्द त्रेविन्यो निघाले, म्हणजे असावेत नव्हे, होतेच. टेम्पो त्यांच्या मेव्हण्याचा होता. त्यांनी चार-चारदा माफी मागितली आणि केकचा उरलेला तुकडा घरी पोचवायचं कबूल केलं. इतक्या दिवसांत जेवढी माणसं भेटली नव्हती तेवढी त्या एका सकाळी भेटली, पण खुर्ची कुणीच पाहिली नव्हती.

दमून परत येताना तिला ती दिसली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. लेकीच्या घरापासून चौथ्या घराचं गॅरेज सताड उघडं होतं. आत गाडी नव्हती. प्लास्टिकच्या खुर्च्या, पत्त्यांचं टेबल, एक छोटी शेगडी, आणि कामाच्या फळीवर पाय वर करून ठेवलेली तिची खुर्ची. तिच्यासमोर चष्मा कपाळावर चढवलेला एक व्हिएतनामी म्हातारा बसला होता. बैठक हिरवीगार होती.

"ही माझी आहे," व्हर्लीन म्हणाली.

म्हाताऱ्यानं आधी तिच्याकडे आणि मग खुर्चीकडे पाहिलं. "ही टाकलेली होती."

"टाकलेली नव्हती. ठेवलेली होती."

"रस्त्यात?"

"रस्त्यातच ठेवतात."

मिस्टर थुआन त्यांचं नाव. गाड्यांच्या सीटा शिवायचं त्यांचं दुकान होतं, आता मुलगा बघतो, पण हात स्वस्थ बसत नाहीत. चांगली खुर्ची फुकट चाललीय म्हणून त्यांनी उचलली होती. व्हर्लीनला हे ऐकून घ्यायची शुद्ध नव्हती. तिची नजर त्या हिरव्या रेक्झिनवर खिळली होती.

"लाल कापड कुठं टाकलंत? त्यावर माझ्या नवऱ्यानं लावलेली पट्टी होती."

थुआननी खुर्ची आडवी केली, अजून न ठोकलेली हिरवी कड बोटानं उचलली आणि तिला वाकून बघायला सांगितलं. खाली लाल रेक्झिन जसंच्या तसं होतं, आणि कोपऱ्यात ती चंदेरी पट्टी. "खालचं घट्ट असेल तर काढायचं नाही," ते म्हणाले. "त्याच्यावरच नवं चढवायचं. दोन्ही टिकतात."

व्हर्लीन जवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली आणि परक्या माणसाच्या गॅरेजमध्ये मोठ्यानं रडली. थुआन गडबडले, उठले, आणि काही सुचेना म्हणून त्यांनी घट्ट दुधाची कॉफी करून आणली. ती पिता पिता तिनं बर्फ, फावडं, एमेटचे नियम, सगळं सांगितलं. पायऱ्यांवर पडले आणि ओपलला दिसले, तेही सांगितलं. म्हातारा ऐकताना हसून हसून डोळे पुसायला लागला.

"रस्ता सरकारचा, बर्फ देवाचं, आणि जागा तुमची?"

"पाठ आमची मोडते ना," व्हर्लीन म्हणाली, आणि ह्यूस्टनला आल्यापासून पहिल्यांदा तीही पोट धरून हसली.

आजचा दिवस बसू नका, चिकटवलेलं ओलं आहे, असं त्यांनी बजावलं. म्हणून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तेव्हा कळलं की संध्याकाळी त्या गॅरेजमध्ये रोज बैठक भरते. त्रेविन्यो येतात, पलीकडच्या गल्लीतल्या मिसेस एझेनवा, औषधांच्या दुकानातून निवृत्त झालेल्या नायजेरियन बाई, भाजलेले शेंगदाणे घेऊन येतात. कित्येक वर्षं चाललंय, आणि चार घरांवर राहणाऱ्या लेकीजावयाला पत्ता नाही, कारण त्यांची गाडी दुसऱ्या टोकानं गल्लीत शिरते. तिसऱ्या दिवशी व्हर्लीननं सगळ्यांना बिड व्हिस्ट शिकवायला घेतलं. हा पत्त्यांचा डाव शांतपणे खेळायचा नसतो, समोरच्याला टोमणे मारत खेळायचा असतो. मिसेस एझेनवा त्यात दोन दिवसांत तिच्या वरताण झाल्या. खुर्ची घरी न्यायची राहूनच गेली. ती तिथंच दारालगत उभी असायची, हिरवी बैठक रस्त्याकडं करून.

एकदा लायनल तिला शोधत आला आणि दारातच थबकला. व्हर्लीननं हातातले पत्ते खाली न ठेवता त्याला विचारलं, "मोज बघू, या गॅरेजमध्ये चौरस मैलाला किती पडतील? शिकागोच्या पुढं गेलात."

लायनलनं खरंच मनात हिशेब केला, आणि मग खाली बसला.

असं सगळं चालू असताना मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ओपलचा फोन आला. शिकागोत गुडघाभर बर्फ पडलं होतं. गल्लीतली माणसं फावडी घेऊन उतरली होती, आणि आपापल्या जागा झाल्यावर सगळ्यांनी मिळून व्हर्लीनच्या दारासमोरची जागाही उपसली होती. गाडी नाही, बाई नाही, तरी उपसली.

"तुझी खुर्ची तू घेऊन गेलीस," ओपल म्हणाली. "म्हणून माझं इस्त्रीचं टेबल ठेवलंय. कुणाची हिंमत नाही हात लावायची. तू ये."

फोन ठेवला तेव्हा तिचं मन कधीच चॅटमच्या गल्लीत जाऊन पोचलं होतं. जिथं आपण नसतानाही आपली जागा धरून ठेवतात, ते आपलं गाव. तिनं शरीसला सांगितलं की मी जाते. शरीसनं वाद घातला नाही. डोळे पुसत आईचे स्वेटर घड्या घालून बॅगेत ठेवायला लागली, आणि ते वादापेक्षा वाईट होतं. त्या संध्याकाळी व्हर्लीन गॅरेजकडं गेली नाही. निरोप कसा घ्यायचा ते तिला सुचत नव्हतं. दुसऱ्या संध्याकाळीही गेली नाही.

दार वाजलं. बाहेर मिस्टर थुआन उभे होते, हातात गरम पेजेचं भांडं फडक्यात गुंडाळलेलं. आजवर ते कधी या घरी आले नव्हते. धापा टाकत होते.

"काल खुर्ची रिकामी. आज रिकामी," ते म्हणाले. "पडलात-बिडलात की काय?"

व्हर्लीन चौकट धरून उभी राहिली.

थुआन सांगत होते, की काल डॅलसहून त्यांचा साडू आला, तो नेमका हिरव्या खुर्चीवर बसला, तर मिसेस एझेनवांनी त्याला दंडाला धरून उठवलं. ती मिस व्हर्लीनची, म्हणाल्या. बिचारा उलट्या बादलीवर बसला. मग आज कुणाचं पत्त्यांत लक्ष लागेना. त्रेविन्यो मागच्या गल्लीतून तुमच्या परसदाराकडं बघायला गेलेत, पायऱ्यांवर वगैरे, कारण तुम्ही त्या दिवशी सांगितलं होतंत. तेवढ्यात खरोखरच मागच्या कुंपणापलीकडून त्रेविन्योंची हाक आली, इथं कुणी नाही म्हणून.

"इथं आहे मी," व्हर्लीननं घरातूनच ओरडून सांगितलं. "उभी आहे."

थुआननी बॅगा पाहिल्या. भांडं तिच्या हातात दिलं, गरम असताना खा म्हणाले आणि गेले.

ती बराच वेळ स्वयंपाकघरात ते भांडं समोर घेऊन बसली. शरीस आणि लायनल दुसऱ्या खोलीत कुजबुजत होते. एका गावात बर्फातून उपसलेली जागा होती, इस्त्रीचं टेबल मांडलेलं. दुसऱ्या गावात हिरव्या बैठकीची खुर्ची होती, आणि तिच्यावरून पाहुण्याला उठवलेलं. माणसाच्या नशिबी एक जागा यायची मारामार, तिच्या पदरात दोन पडल्या होत्या. तिला एमेट आठवला, फावड्यावर रेलून गल्लीला नियम ऐकवणारा. ती पेज खाऊन उठली, तोंड धुतलं आणि फोन लावला.

"ओपल, ते इस्त्रीचं टेबल उचल."

ओपलनं विचारलं, "विचार करून बोलतेस?"

"एमेट काय म्हणायचा, विसरलीस?"

"एका माणसाला एक," ओपल म्हणाली, आणि तिनं नाक ओढलेलं ऐकू आलं. "मग ही कुणाला देऊ?"

"घर घेणाऱ्या त्या पोरांना. पण सांग त्यांना, या वेळचं गल्लीनं उपसलं. पुढच्या वेळी त्यांनी उतरायचं. फावडं तळघरात आहे, जिन्याखाली."

"आणि खुर्ची? त्यांच्याकडे आहे की नाही कोण जाणे."

"ती त्यांनी त्यांची आणावी," व्हर्लीन म्हणाली. "माझी इथं लागते."